भूजलातलं प्रदूषण ‘आपोआप’ कमी होतंय, हे सिद्ध कसं करायचं?

कारखान्याच्या आवारातली जुनी टाकी गळते, शेजारच्या बोअरच्या पाण्याला वास येतो, तपासणी होते आणि काही महिन्यांनी सल्लागाराच्या अहवालात एक वाक्य उमटतं: ‘नैसर्गिक प्रक्रियांमुळे प्रदूषण घटत असल्याने नियमित निरीक्षण पुरेसे आहे.’ हे वाक्य खरं असू शकतं. पण ते लिहायला पाच मिनिटं लागतात आणि सिद्ध करायला निदान दोन-तीन वर्षं. त्या दोन-तीन वर्षांत काय करायचं, ते या लेखात आहे. कारखान्याचा पर्यावरण विभाग आणि त्याचा सल्लागार यांना ते करावं लागतं. उताराकडच्या गावाला ते झालंय की नाही, हे विचारता आलं पाहिजे.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं (ईपीए) एप्रिल १९९९ मध्ये या पद्धतीबद्दल, म्हणजे निरीक्षणाखाली ठेवलेल्या ‘नैसर्गिक घटी’बद्दल, धोरण जाहीर केलं. त्यातला मुद्दा साधा आहे. जमिनीखाली प्रदूषण पाच-सहा वाटांनी कमी होतं: बॅक्टेरिया ते खातात, खनिजांशी त्याची रासायनिक क्रिया होते, ते मातीला चिकटतं, हवेत उडून जातं, पसरतं, पातळ होतं. पहिल्या दोन वाटांनी रसायन खरोखर मोडतं किंवा बदलतं. बाकीच्यांत ते फक्त जागा बदलतं किंवा विरळ होतं. म्हणून ईपीएची पसंती रसायन मोडणाऱ्या प्रक्रियांना आहे. शिवाय मूळ स्रोत आटोक्यात आणणं, वाजवी मुदतीत उद्दिष्ट गाठणं आणि पर्यायी योजना हाताशी ठेवणं यांची जोड तिथे अपेक्षित आहे. नुसतं पातळ होण्याच्या भरवशावर उभी असलेली योजना मला तरी योजना वाटत नाही.

पहिलं काम: रसायन कोणतं, ते ठरवा

सगळं यावर ठरतं. पेट्रोल-डिझेलमधली बेंझिन, टोल्युइन, एथिलबेंझिन आणि झायलीन ही मंडळी बॅक्टेरियांना सहज पचतात. ऑक्सिजन असेल तर झपाट्यानं, नसेल तर सावकाश. पेट्रोल पंपाच्या टाकीची गळती हे या पद्धतीचं सगळ्यात योग्य क्षेत्र.

धातूंवरचं तेल-ग्रीस काढायला वापरतात ती ट्रायक्लोरोएथिलीन (टीसीई) आणि ड्रायक्लीनिंगमधली परक्लोरोएथिलीन (पीसीई) ही क्लोरीनयुक्त द्रावणं मोडतात, पण अटी घालून. त्याबद्दल पुढे.

हेक्झाव्हॅलंट क्रोमियम, म्हणजे क्रोमियमचं विषारी रूप, मोडत नाही, कारण क्रोमियम हे मूलद्रव्य आहे. मात्र जमिनीतलं फेरस लोह आणि सेंद्रिय पदार्थ त्याचं ट्रायव्हॅलंट क्रोमियम करतात. ते पाण्यात फारसं विरघळत नाही आणि जागेवर बसतं. मँगनीजच्या ऑक्साइडशी गाठ पडली तर उलटी क्रियाही होऊ शकते, म्हणून इथे जमिनीचीही तपासणी हवी, एकट्या पाण्याची पुरत नाही.

आणि पीफास. अग्निशमनाचा फेस, न चिकटणारी भांडी, पाणी न धरणारं कापड यांत वापरलं जाणारं हे रसायनांचं कुटुंब जमिनीखाली मोडत नाही. काही पूर्वगामी संयुगं बदलतात खरी, पण बदलून याच कुटुंबातली पीएफओएसारखी आणखी चिवट संयुगं होतात. पीएफओए आणि पीएफओएस या दोघांसाठी ईपीएनं २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्यात लिटरला ४ नॅनोग्रॅम इतकी मर्यादा घातली. पीफाससाठी ‘नैसर्गिक घट’ कुणी सुचवली, तर कोणत्या प्रक्रियेनं घट, असा एकच प्रश्न विचारा.

दुसरं काम: स्रोत बंद करा

टाकी गळतेय आणि आपण खाली नमुने घेतोय, याला काही अर्थ नाही. गळकी टाकी रिकामी करून काढा, भिजलेली माती उकरा, पाण्यावर तरंगणारा तेलाचा थर बोअरमधून उपसा. निरीक्षण बोअरमध्ये इंटरफेस मीटर, म्हणजे तेल आणि पाणी यांची सीमा ओळखणारं उपकरण, सोडला की तेलाची जाडी कळते. तो नसेल तर पारदर्शक बेलरमध्येही (दोरीनं बोअरमध्ये सोडायच्या नळीत) थर डोळ्यांनी दिसतो. टीसीई पाण्यापेक्षा जड आहे. ती तरंगत नाही, तळाला जाऊन फटींत बसते आणि बोअरच्या वरच्या पाण्यात तिचा माग कमी लागतो. ‘वर काही दिसलं नाही’ हा तिच्याबाबत पुरावा होत नाही.

तिसरं काम: पाणी कुठे आणि किती वेगानं जातंय

एका रेषेत नसलेल्या तीन बोअरमध्ये, एकाच दिवशी, बोअरच्या तोंडाच्या कडेपासून (तिची उंची सर्वेक्षणानं ठरवलेली हवी) पाण्याची पातळी मोजा. त्यावरून भूजलाचा उतार आणि दिशा निघते. जमिनीचा उतार बघून दिशा ठरवू नका. वेगाचं सूत्र: पारगम्यता (थर पाण्याला किती सहज वाट देतो) गुणिले उतार, भागिले परिणामकारक सच्छिद्रता (थराचा किती हिस्सा पाणी वाहणाऱ्या पोकळ्यांचा आहे).

आकडे घालून बघू. पारगम्यता दिवसाला १ मीटर, उतार हजार मीटरला ५ मीटर. वाळूच्या थरात सच्छिद्रता ०.२ धरली, तर पाणी दिवसाला अडीच सेंटिमीटर, म्हणजे वर्षाला साधारण ९ मीटर सरकतं. आता हेच आकडे ठेवून फटी असलेल्या खडकाची सच्छिद्रता ०.०१ धरा. वेग दिवसाला अर्धा मीटर, वर्षाला १८० मीटरच्या आसपास. परदेशी मार्गदर्शिका बहुतेक वाळू-रेतीच्या थरांवर बेतलेल्या आहेत आणि महाराष्ट्राचा बहुतांश भाग दख्खनच्या बेसॉल्टवर आहे. आपल्याकडच्या अहवालांत मी पहिल्यांदा हाच आकडा शोधतो. सच्छिद्रता ०.२ किंवा ०.२५ लिहिलेली दिसली आणि जागा कठीण खडकाची असली, की पुढचं सगळं गणित वीसपट चुकलेलं असू शकतं.

बेसॉल्टमध्ये पाणी मुरमात, मांजऱ्या खडकाच्या झिजलेल्या भागात, सांध्यांत आणि दोन लाव्हा थरांच्या मधल्या जागेत असतं. मध्ये गेरूचा, म्हणजे लाल मातकट, थर लागला तर खाली उतरणारं पाणी त्याच्यावरून आडवं जातं. डाइक, म्हणजे खडकात भिंतीसारखा उभा घुसलेला दगड, आडवा आला तर अडतं किंवा त्याच्या कडेनं वळतं. एका बोअरमध्ये काही नाही आणि वीस मीटरवरच्या दुसऱ्यात भरपूर, असं इथे सहज होतं. त्यात उन्हाळ्यात शेजारच्या शेतातले पंप दिवसरात्र चालतात आणि पाण्याचा प्रवाह त्यांच्याकडे वळतो. त्यामुळे दिशा एकदा मोजून भागत नाही. निदान मे आणि ऑक्टोबर असे दोन नकाशे हवेत.

चौथं काम: बोअर कुठे घ्यायचे

एक बोअर उगमाच्या वरच्या अंगाला, तिथलं मूळचं पाणी कसं आहे ते कळायला. एक उगमापाशी. प्लूमच्या मध्यरेषेवर, म्हणजे दूषित पाण्याच्या पट्ट्याच्या कण्यावर, दोन-तीन. दोन्ही बाजूंना एकेक. आणि पट्ट्याचं टोक व पहिली पिण्याची विहीर यांच्या मध्ये पहारेकरी बोअर. पहारेकरी बोअर विहिरीपासून किती दूर हवा, हे वेगावर ठरतं. धोका दिसल्यावर पर्यायी उपाय सुरू करायला वर्ष लागणार असेल, तर पाण्याला तिथून विहिरीपर्यंत यायला वर्षाहून जास्त वेळ लागला पाहिजे. वर्षाला १८० मीटरच्या वेगाला पन्नास मीटरवरचा पहारेकरी काहीच कामाचा नाही.

गावातल्या चालू बोअरवेलना निरीक्षण बोअर समजू नका. त्यात अनेक थरांचं पाणी एकत्र येतं आणि दूषित थराचं पाणी बाकीच्यांत मिसळून आकडा खाली येतो. निरीक्षणासाठी ठरावीक खोलीवर जाळीचा पाइप आणि त्याच्या वर बेंटोनाइटची (पाण्यानं फुगणाऱ्या चिकणमातीची) सीलबंदी असलेला पिझोमीटर हवा.

पाचवं काम: नमुना

माझ्या मते सगळ्यात जास्त गडबड इथे होते, आणि ती अहवालात कुठेच दिसत नाही. पंप जोरात चालवून पाणी खळखळवलं की बेंझिन, टीसीई उडून जातात आणि आकडा सुंदर येतो. म्हणून संथ उपसा करा: मिनिटाला १०० ते ५०० मिलिलिटर, पाण्याची पातळी फार न उतरवता. बाहेर येणारं पाणी हवेचा स्पर्श न होऊ देता फ्लो सेलमधून, म्हणजे मोजणीचे सेन्सर बसवलेल्या बंद डब्यातून, न्या आणि दर तीन ते पाच मिनिटांनी वाचन घ्या. सलग तीन वाचनांत सामू ०.१ च्या आत, विद्युतवाहकता ३ टक्क्यांच्या आत, विरघळलेला ऑक्सिजन १० टक्क्यांच्या आत आणि ऑक्सिडीकरण-क्षपण विभव १० मिलिव्होल्टच्या आत स्थिर झाला, की नमुना घ्या. ही वाचनं लिहिलेला कागद अहवालाला जोडलेला असलाच पाहिजे.

उडून जाणाऱ्या रसायनांसाठी ४० मिलिलिटरची काचेची कुपी असते. आत आम्लाचे थेंब आधीच घातलेले असतात, त्यामुळे कुपी विसळायची नाही आणि ओसंडू द्यायची नाही. पाणी कडेनं हळूच सोडायचं, काठावर पाण्याचा फुगवटा येईपर्यंत, मग झाकण घट्ट लावायचं. कुपी उलटी करून बोटानं टिचकी मारायची. आत बुडबुडा वर पळताना दिसला तर ती कुपी बाद, नवीन भरायची. बर्फाच्या पेटीत सुमारे ४ अंशांवर ठेवून १४ दिवसांच्या आत प्रयोगशाळेत तपासणी व्हायला हवी. सोबत प्रयोगशाळेतून भरून आलेली शुद्ध पाण्याची कुपी, म्हणजे ट्रिप ब्लँक (प्रवासात बाहेरचं रसायन शिरलं का ते कळायला), आणि एक दुहेरी नमुना. फेरस लोह आणि विरघळलेला ऑक्सिजन जागेवरच मोजा. गाडीतून शहरात पोचेपर्यंत लोह हवेशी संयोग पावून खाली बसलेलं असतं.

सहावं काम: पुरावा तीन पदरी हवा

पहिला पदर म्हणजे काळानुसार आणि अंतरानुसार घटणारं प्रमाण. दुसरा, पाण्याच्या रसायनात दिसणारा बॅक्टेरियांच्या कामाचा माग. तिसरा, गरज पडली तर, प्रयोगशाळेतली सूक्ष्मजीव चाचणी किंवा कार्बनच्या समस्थानिकांचं विश्लेषण. बॅक्टेरिया हलक्या कार्बनचे रेणू आधी मोडतात, त्यामुळे उरलेल्या रसायनात जड कार्बनचं प्रमाण वाढत जातं. नुसतं पातळ होण्यानं हे होत नाही.

दुसरा पदर समजून घ्यायला अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातलं बेमिजी हे ठिकाण उत्तम आहे. २० ऑगस्ट १९७९ रोजी तिथली तेलवाहिनी फुटली आणि सुमारे १७ लाख लिटर कच्चं तेल सांडलं. बरंचसं उपसलं, काही जाळलं, माती काढली, तरी जवळपास ४ लाख लिटर वाळूतून खाली उतरून भूजलापाशी थांबलं. १९८३ पासून अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण विभागाचे शास्त्रज्ञ तिथे खोलात जाऊन मोजमाप करत आले आहेत. तेलाजवळच्या पाण्यातला ऑक्सिजन संपलेला, त्यानंतर बॅक्टेरियांनी गाळातलं लोह आणि मँगनीज वापरायला घेतलेलं, आणि अगदी उगमापाशी मिथेन तयार होत असलेला, असा क्रम तिथे दिसला. १९९६ पर्यंत विरघळलेल्या प्रदूषणाचं टोक साधारण २०० मीटरपर्यंतच पोचलं होतं. बॅक्टेरिया नसते तर ते बरंच पुढे गेलं असतं.

आपल्या जागेवर हाच क्रम शोधायचा. वरच्या अंगाच्या बोअरमध्ये ऑक्सिजन आणि नायट्रेट आहे, पट्ट्यात ऑक्सिजन लिटरला अर्ध्या मिलिग्रॅमच्या खाली, नायट्रेट गायब, फेरस लोह वाढलेलं, सल्फेट घटलेलं, मिथेन आलेला, आणि टोकाला पुन्हा ऑक्सिजन: असं चित्र असेल तर बॅक्टेरिया कामाला लागलेत. पट्ट्यात बेंझिन कमी होतंय पण ऑक्सिजन, नायट्रेट, लोह सगळं वरच्या बोअरसारखंच, तर बेंझिन बहुधा नुसतं पातळ होतंय. एक सावधगिरी आपल्याकडे हवी. सांडपाणी आणि शेणखतामुळेही ऑक्सिजन संपतो, तेव्हा वरच्या अंगाचा बोअर गोठ्याजवळ किंवा शोषखड्ड्याजवळ नको.

बेमिजीची दुसरी बाजूही सांगायला हवी. लोहाच्या खनिजांना चिकटून असलेलं नैसर्गिक आर्सेनिक, ते लोह विरघळल्यावर पाण्यात सुटलं. पट्ट्यात आर्सेनिक लिटरला २३० मायक्रोग्रॅमपर्यंत सापडलं, पिण्याच्या पाण्याची मर्यादा १० असताना. म्हणजे मूळ रसायन मोडत असताना दुसरंच विष पाण्यात उतरू शकतं. निरीक्षणाच्या यादीत आर्सेनिक आणि मँगनीज घालायला फार खर्च येत नाही. १९९९ ते २००४ या काळात बेमिजीत आणखी तेल उपसण्याचा प्रयत्न झाला, तरी बरंचसं खालीच राहिलं. अपघाताला चार दशकं उलटली तरी तिथला उगम संपलेला नाही.

टीसीईचं गणित वेगळं. ऑक्सिजन नसलेल्या आणि सेंद्रिय खाद्य असलेल्या जागी बॅक्टेरिया तिच्यातला एकेक क्लोरीन काढतात: टीसीईची सिस-डायक्लोरोएथिलीन होते, तिचं व्हायनिल क्लोराइड, आणि शेवटी निरुपद्रवी एथीन. शेवटच्या पायरीपर्यंत नेणारे म्हणून पक्के ठाऊक असलेले बॅक्टेरिया डेहॅलोकोकॉइड्स वंशाचे. ते नसले तर साखळी मध्येच अडकते. व्हायनिल क्लोराइड माणसात कर्करोग करतं हे सिद्ध आहे आणि त्याची ईपीएची मर्यादा लिटरला २ मायक्रोग्रॅम, म्हणजे टीसीईच्या ५ पेक्षाही कडक.

इथे एक सापळा आहे. समजा टीसीई लिटरला १३१४ मायक्रोग्रॅम होती आणि ती सगळी सिस-डायक्लोरोएथिलीन झाली. नवा आकडा येतो ९६९. अहवालात ‘२६ टक्के घट’ असं छापता येतं. प्रत्यक्षात रेणू तितकेच आहेत, दोन्हीकडे लिटरला १० मायक्रोमोल. हलका झालाय तो रेणू. म्हणून क्लोरीनयुक्त द्रावणांचा हिशेब कायम मोलमध्ये, म्हणजे वजनाऐवजी रेणूंच्या संख्येत, मागा आणि एथीन मोजलंय का ते बघा. एथीन नाही, तर साखळी पूर्ण झाल्याचा पुरावा नाही.

सातवं काम: कल आणि मुदत

पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी नमुने घ्या, त्यानंतर परिस्थिती पाहून सहामाही. आपल्या पावसात ऑक्टोबरचा आकडा मेच्या आकड्याशेजारी ठेवून ‘घट झाली’ म्हणणं ही उघड फसवणूक आहे, मग ती अजाणता का असेना. पाऊस पाणी पातळ करतो. काही ठिकाणी उलटही होतं: पातळी वर चढते, खडकाला चिकटलेलं तेल भिजतं आणि आकडा वाढतो. मेची तुलना मेशी, ऑक्टोबरची ऑक्टोबरशी करा. आकड्यांचा कल खरा आहे की योगायोग, हे सांगणारी मान-केंडाल ही सांख्यिकी चाचणी चार आकड्यांवरही चालवता येते, पण आठ-दहा फेऱ्या झाल्याशिवाय तिच्या निकालावर मी विसंबणार नाही.

मुदतीचा अंदाज असा काढतात. घटीचा दर वर्षाला ०.५ आहे, म्हणजे दर १.४ वर्षांनी प्रमाण निम्मं होतंय. बेंझिन आज ८०० मायक्रोग्रॅम आहे, गाठायचंय १०, जी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. ८०० भागिले १० म्हणजे ८०. ८० चा नैसर्गिक लॉगरिथम ४.३८, भागिले ०.५, उत्तर पावणेनऊ वर्षं. दर ०.२ असला तर हेच उत्तर बावीस वर्षं होतं. हा दर उगमाच्या बोअरमधल्या घटीवरून काढलेला हवा. मध्यरेषेवरच्या अंतरावरून काढलेला दर पट्टा किती लांब जाईल ते सांगतो, जागा कधी स्वच्छ होईल ते सांगत नाही. शिवाय चिकणमाती आणि झिजलेल्या खडकात शिरलेलं रसायन नंतर वर्षानुवर्षं परत झिरपत राहतं, त्यामुळे आलेखाची शेपटी गणितापेक्षा लांबच निघते.

आठवं काम: कधी नुसती वाट बघत बसायचं नाही, ते आधीच लिहून ठेवा

पर्यायी योजनेचे ट्रिगर, म्हणजे ती कोणत्या घटनांनंतर सुरू करायची, ते पहिल्या वर्षीच कागदावर हवेत. पहारेकरी बोअरमध्ये रसायन सापडलं. एकाच हंगामाच्या सलग दोन फेऱ्यांत वाढ झाली. उताराला नवी विहीर किंवा वसाहत आली. पाच वर्षांत अपेक्षित घट दिसली नाही. यातलं काहीही घडलं तर काय करणार, पंप लावून पाणी शुद्ध करणार की जमिनीत हवा सोडणार, आणि पैसे कुठून येणार, हेही त्याच कागदावर. केंद्र सरकारनं जुलै २०२५ मध्ये दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले आहेत. आपल्या गावाजवळची जागा संशयित यादीत आहे का, हे जिल्हा प्रशासन आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी विचारावं.

गावानं मधल्या काळात काय करावं? ज्या विहिरीत प्रमाण मर्यादेपेक्षा जास्त आहे तिचं पाणी पिणं-स्वयंपाक बंद, टँकर किंवा नळाची सोय प्रदूषण करणाऱ्याच्या खर्चानं. पाणी उकळून चालत नाही. बेंझिन-टीसीई उकळताना स्वयंपाकघराच्या हवेत येतात, आणि क्रोमियम, आर्सेनिक, नायट्रेट आटलेल्या पाण्यात उलट वाढतात. पट्ट्यावर बंदिस्त तळघर किंवा पंपघर असेल तर तिथली हवाही तपासून घ्या. पट्ट्याजवळ नवा बोअर पाडू नका, तो प्रदूषणाला स्वतःकडे ओढतो.

सगळ्या बोअरमध्ये, मे आणि ऑक्टोबर दोन्ही वेळी, सलग दोन-तीन वर्षं प्रमाण मर्यादेखाली राहिलं की निरीक्षण बंद करण्याचा प्रस्ताव मांडता येतो. त्यानंतर निरीक्षण बोअर तसेच सोडू नका. झाकण हरवलेला बोअर म्हणजे वरच्या घाणीला खालच्या थरात जायचा सरळ रस्ता. तळापासून वरपर्यंत पाइपनं सिमेंट-बेंटोनाइटचं मिश्रण भरा, वरचा मीटरभर केसिंग (बोअरचा बाहेरचा पाइप) कापून काढा आणि बोअरचा क्रमांक, अक्षांश-रेखांश व बंद केल्याची तारीख ग्रामपंचायतीच्या दप्तरी द्या.